परसातले निळे फूल आणि रालामंडळचे निळे फूल एकच आहे का?

रामबागकर, इंदूर

नमस्कार मंडळी. निळ्या फुलाच्या एका झाडाची ओळख पटवून घ्यायची आहे, म्हणून हा धागा काढतो आहे. माहिती थोडी सविस्तर देतो, कारण आतापर्यंत ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी फुलाचा रंग पाहूनच नाव सांगितले, आणि प्रत्येकाने वेगळे सांगितले.

आमचे घर जुन्या वस्तीत असून मागे लहानसे परस आहे. तिथे एक आंबा, एक चिकू आणि भिंतीलगत पारिजातक आहे. त्यांच्या दाट सावलीत गवतसुद्धा धड येत नाही. गेल्या तीन पावसाळ्यांपासून मात्र त्या सावलीत एक झाड आपोआप उगवते आहे. कुणी लावलेले नाही, कुणी बी टाकलेले नाही. पहिल्या वर्षी दोन रोपे होती, यंदा मोजली तर चाळीसच्या वर भरली, आणि आता विहिरीच्या कठड्याच्या फटीतूनही ते डोकावू लागले आहे.

उंची गुडघ्याच्या खालीच राहते. पाने समोरासमोर येतात, टोकाकडे रुंद आणि देठाकडे निमुळती होत जातात, कडा किंचित लाटेसारखी असते. फूल नरसाळ्याच्या आकाराचे, पाच पाळ्यांचे, साधारण दोन इंच लांबीचे आहे. रंग खरे पाहता जांभळट निळा आहे; फोनच्या कॅमेऱ्यात तो शुद्ध निळा दिसतो, त्यामुळे छायाचित्रावर फार भिस्त ठेवू नये. सकाळी सहाला मी परसात जातो तेव्हा फूल पूर्ण उमललेले असते आणि दुपारचे जेवण आटोपून पाहावे तर ते जमिनीवर गळून पडलेले असते. गंध मला तरी जाणवला नाही.

आता घोळ सांगतो. शेजारच्या वहिनी म्हणतात की ही शंखपुष्पी आहे आणि तिची पाने दुधात वाटून नातीला परीक्षेच्या आधी महिनाभर द्यावीत. आमचा माळी त्याला जंगली पिटुनिया म्हणतो. फोनमधल्या ॲपने तीन दिवसांत तीन नावे सांगितली. त्यातच परवा एक रोप उपटले तर मुळाशी बोटाएवढ्या फिकट गाठींचा घोसच निघाला. तो पाहून त्याच माळ्याने आपले आधीचे मत बदलले आणि ही तर शतावरी, असे जाहीर केले.

दसऱ्यानंतरच्या रविवारी सहकुटुंब रालामंडळला गेलो होतो. होळकरांच्या शिकारकोठीकडे चढणाऱ्या वाटेच्या कडेला हेच फूल दिसले, निदान मला तरी ते हेच वाटले. अभयारण्य असल्याने पानही तोडले नाही, फक्त दोन छायाचित्रे घेतली. त्यावरून माझा असा तर्क आहे की हे मूळचे माळव्याच्या जंगलातले झाड असावे आणि पाखरांच्या विष्ठेतून त्याचे बी आमच्या परसात आले असावे. छायाचित्रे क्रमांक एक ते चार परसातली आहेत, पाच आणि सहा रालामंडळची. नाव काय, आणि वहिनींचा सल्ला मानावा की नाही, एवढे सांगितलेत तर आभारी राहीन.

हौशी माळी, इंदूर

काका, ही निळी कोरांटी आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात चोरल, पाताळपाणी, मांडव या सगळ्या बाजूला टेकडीच्या उतारांवर ती फुललेली दिसते. आमच्या आजोळी दिवाळीतल्या पूजेला पिवळ्या कोरांटीबरोबर हीही फुले असत. पाचव्या क्रमांकाच्या छायाचित्राविषयी तर मला तिळमात्र शंका नाही. परसातली झाडेही तीच असणार, सावलीमुळे उंची खुंटली असेल. शतावरी तर मुळीच नव्हे. शतावरीचा काटेरी वेल असतो आणि तिला सुईसारखी बारीक पालवी असते, हे तुमच्या माळ्याला माहीत असायला हवे होते.

निंबोणी, वडोदरा

रामबागकर, तुम्ही गाठींचे वर्णन केलेत आणि गळणाऱ्या फुलांची वेळही नोंदवलीत, त्याबद्दल तुमचे कौतुक करावेसे वाटते. मी वनस्पतिशास्त्र शिकवत असे, आणि पानफूल पुढ्यात धरून फक्त "हे काय आहे?" असे विचारणारे विद्यार्थी मी वर्षानुवर्षे पाहिले आहेत.

माझे मत असे आहे की तुमची पहिली चार छायाचित्रे आणि शेवटची दोन छायाचित्रे एका झाडाची नाहीत. हौशी माळी यांनी पाचव्या छायाचित्राला जे नाव दिले ते मला पटते. पहिल्या चारांना मात्र तेच नाव देता येणार नाही. तरीही मी आत्ताच नाव सांगत नाही, कारण आणखी दोन गोष्टी तुमच्या हाताशी आहेत आणि त्या तुम्ही स्वतः पाहाव्यात असे मला वाटते.

फूल गळून गेल्यावर त्याच्या बुडाशी जी हिरवी निदले राहतात ती नीट बघा. ती किती आहेत, सारख्या आकाराची आहेत की दोन मोठी आणि दोन लहान आहेत, आणि त्यांच्या कडांना दाते आहेत का, ते सांगा. घरात भिंग असेल तर घ्या, नसेल तर चष्मा पुरेल. त्यानंतर झाडावर वाळून तपकिरी झालेली पाच-सहा बोंडे शोधा. हिरवी घेऊ नका. ती एका पसरट वाटीत पाणी घेऊन त्यात टाका आणि काय होते ते पाहा. चेहरा मात्र वाटीवर आणू नका.

रामबागकर, इंदूर

निंबोणीताई, तुम्ही सांगितल्याप्रमाणे सगळे केले आणि त्यात आमची अख्खी सकाळ गेली.

आधी निदलांविषयी. परसातल्या झाडावर ती पाच आहेत, पाचही सारखी, अगदी दोऱ्यासारखी अरुंद आणि टोकदार. दाते नाहीत. रालामंडळचे छायाचित्र फोनवर मोठे करून पाहिले तेव्हा मात्र मी चकित झालो. तिथे फुलाच्या बुडाशी दोन रुंद, पानासारखी निदले स्पष्ट दिसतात, त्यांवर शिरांची जाळी आहे आणि कडांना करवतीसारखे काटेरी दाते आहेत. हे मी तिथे उभा असताना पाहिलेच नव्हते. मी नुसता रंग पाहिला आणि घरचे फूल ओळखीचे वाटले म्हणून पुढे चालू लागलो.

आता बोंडांविषयी. सहा बोंडे वाटीतल्या पाण्यात टाकली. अर्धा मिनिट काहीच झाले नाही आणि नात कंटाळून उठणार एवढ्यात पहिले बोंड टक् करून फुटले. वाटीतले पाणी उडून माझ्या चष्म्यावर आले. पाठोपाठ दुसरे फुटले, तिसरे फुटले. सहावे मात्र बराच वेळ तसेच तरंगत राहिले आणि मी चिमट्याने त्याला उचलायला गेलो तेव्हा नेमके चिमट्यातच फुटले. बोंड मधोमध उभे चिरून दोन होड्या होतात आणि बी चहूकडे उडते. ओट्यावर, फरशीवर, फ्रिजखाली बी सापडले. बी चपटे आणि गोलसर आहे, मोहरीपेक्षा मोठे. वाटीत जे पडले त्याच्याभोवती थोड्याच वेळात सब्जाच्या बीसारखी बुळबुळीत पांढरट झालर तयार झाली. ते बोटाला चिकटले की झटकूनही निघत नव्हते.

आता नातीने परसातली सगळी तपकिरी बोंडे वेचून कंपासपेटीत भरली आहेत आणि दिवाळीच्या आधीच आमच्याकडे फटाके सुरू झाले आहेत. नाव आता सांगून टाकावे.

निंबोणी, वडोदरा

तुमच्या परसातले झाड रुएलिया ट्युबरोसा आहे. यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच गाठी असलेले असा आहे, म्हणजे तुम्ही उपटलेल्या मुळांनी अर्धी ओळख आधीच सांगितली होती. रालामंडळचे झाड बार्लेरिया क्रिस्टाटा, अर्थात निळी कोरांटी.

दोन्ही एकाच कुळातली आहेत आणि म्हणून गोंधळ होणे स्वाभाविक आहे. अडुळसा, आबोली, पिवळी कोरांटी, सह्याद्रीतली कारवी हे सगळे त्याच कुळात येतात. ज्यांच्या घरी आबोली आहे त्यांनी तिची वाळलेली कणसे पहिल्या पावसात तडतडताना ऐकली असतील. तुमच्या वाटीत जे झाले ते त्याच जातीचे. या कुळातल्या बहुतेक झाडांच्या बोंडात प्रत्येक बीखाली एक लहानसा वाकडा आकडा असतो. बोंड वाळत जाते तसे त्याचे दोन्ही भाग ताणले जातात, पण शिवण घट्ट असल्याने ते एकमेकांना धरून राहतात. रुएलियात पाणी लागले की शिवणीचे टोक सैल होते, दोन्ही भाग एका झटक्यात मागे वळतात आणि आकड्यांवर बसलेले बी गोफणीतल्या दगडासारखे फेकले जाते. एका बोंडात वीसच्या आसपास बिया असतात. निळ्या कोरांटीच्या बोंडात मात्र जास्तीत जास्त चारच असतात, म्हणून बोंड हाताशी असेल तर निदले न बघताही दोघींमधला फरक कळतो.

हे फेकणे किती जोराचे असते याचे मोजमाप रुएलियाच्याच दुसऱ्या एका जातीवर झाले आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजमधल्या अभ्यासकांनी रुएलिया सिलिआटिफ्लोराच्या बियांचे अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केले आणि २०१८ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्या बिया सात मीटरपर्यंत जातात, आणि जाताना सेकंदाला सोळाशेहून अधिक वेळा स्वतःभोवती फिरतात. चपटी बी अशी भिरभिरत गेली की ती डगमगत नाही आणि हवेचा अडथळाही कमी होतो. तुमच्या फ्रिजखाली बी कसे पोहोचले याचे आश्चर्य वाटायला नको.

मूळ कुठले, हा तुमचा खरा प्रश्न होता. रुएलिया ट्युबरोसा माळव्याची नव्हे, भारताचीही नव्हे. ती उष्ण कटिबंधीय अमेरिकेतली आहे, कॅरिबियन बेटे आणि मध्य अमेरिका तिचे माहेर. बागेसाठी आणली गेली, बागेतून निसटली आणि आता भारतभर पडीक जमिनीत, रस्त्याच्या कडेला, झाडांच्या सावलीत आपली आपण वाढते. निळी कोरांटी मात्र खरी इथलीच. ती आपल्या देशातल्या डोंगरांवर वाढते आणि पुढे म्यानमार व दक्षिण चीनपर्यंत आढळते. गंमत म्हणजे इंग्रजीत तिला फिलिपीन व्हायोलेट म्हणतात, आणि ती ना फिलिपीन्सची, ना व्हायोलेटच्या कुळातली. थोडक्यात, तुम्ही जंगलातून घरात आले असे समजत होतात ते समुद्रापलीकडून आले, आणि जे खरोखर जंगलातले होते ते जंगलातच राहिले. पाखरांचाही यात हात नाही. ती खाऊन विष्ठेतून टाकतील असा गर या बोंडात नसतो. चिकट झालेले बी चपलेच्या तळव्याला, खुरप्याला, रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीला लागून प्रवास करते.

रुएलिया आणि बार्लेरिया या दोन्ही वंशांची नावे प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने आपल्या देशबांधवांवरून ठेवली, हे जाता जाता सांगते. ज्याँ रुएल (१४७४–१५३७) हा राजा पहिला फ्रान्स्वा याचा वैद्य होता, आणि बारेलिए हा सतराव्या शतकातला धर्मोपदेशक होता. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये ती नावे कायम केली. प्लुमिएचे स्वतःचे नाव आपल्या देवळासमोरच्या पांढऱ्या चाफ्याला, प्लुमेरियाला, मिळाले.

एक गोष्ट अजून पाहून ठेवा. फूल कधीच दिसले नाही अशा फांदीवरही तुम्हाला बोंडे आढळतील. रुएलियात काही कळ्या उमलतच नाहीत. कळीच्या आतल्या आत परागण होऊन त्यांना बी धरते. परिस्थिती प्रतिकूल असली की असे अधिक होते. दोन रोपांची चाळीस कशी झाली, याचे बरेचसे उत्तर त्यात आहे.

हौशी माळी, इंदूर

ताई, माझी चूक मान्य. मीही फूल पाहून थांबलो, खाली पाहिलेच नाही. पण एक शंका राहते. आमच्या कॉलनीच्या फाटकापाशी कुंपणाला लावलेले असेच जांभळे फूल आहे, त्याचीही बोंडे फुटतात, मात्र ते कमरेइतके उंच आहे आणि पाने लांब, अरुंद, जवळजवळ कण्हेरीसारखी आहेत. तेही हेच का?

निंबोणी, वडोदरा

ती रुएलिया सिम्प्लेक्स, हिची बहीण. रोपवाटिकेत मेक्सिकन पिटुनिया म्हणून विकतात. तिच्या मुळाशी अशा गाठी नसतात. रामबागकरांच्या माळ्याचा जंगली पिटुनिया हा शब्द म्हणूनच अगदीच हवेत नव्हता, या वंशाला पिटुनिया म्हणायची चाल इंग्रजीत आहेच. खरा पिटुनिया मात्र बटाटा-वांग्याच्या कुळातला. त्याची पाने हाताला चिकट लागतात.

वैद्य ग्वाल्हेरकर

ओळखीचा प्रश्न निंबोणीताईंनी सोडवला आहे, त्यात मी काही भर घालत नाही. मला फक्त वहिनींच्या सल्ल्याविषयी लिहायचे आहे, कारण माझ्याकडे येणारे रुग्ण अशीच पाने पिशवीत घेऊन येतात.

शंखपुष्पी हे नाव एकच असले तरी त्या नावाने देशात निरनिराळ्या प्रांतांत किमान चार वेगळ्या वनस्पती वापरल्या जातात. उत्तरेकडे आणि आयुर्वेदाच्या सरकारी औषधिकोशात शंखपुष्पी म्हणजे कॉन्व्हॉल्व्ह्युलस. ती जमिनीवर पसरते आणि तिची फुले पांढरी किंवा किंचित गुलाबी असतात. कित्येक ठिकाणी विष्णुक्रांता, म्हणजे इव्हॉल्व्ह्युलस, तिच्या जागी घेतात; ती खरोखर निळी आहे, पण तिचे फूल करंगळीच्या नखापेक्षा मोठे नसते आणि सगळे झाड रेशमी लवेने भरलेले, जमिनीला चिकटलेले असते. केरळात शंखपुष्पम् म्हणजे आपली गोकर्ण, जिचा वेल असतो. बंगालमध्ये कॅन्स्कोरा नावाची चौथीच वनस्पती त्या नावाने ओळखली जाते. शास्त्रात शंखपुष्पीला मेध्य म्हटले आहे, म्हणजे बुद्धीला हितकर, आणि त्यामुळे निळे किंवा शंखासारखे काहीही दिसले की ते परीक्षेच्या मोसमात मुलांच्या पोटात जाते.

गुडघ्याला पोहोचणारे, दोन इंची फुलांचे, मुळाशी गाठी असलेले झाड या चारांपैकी एकही नाही. रुएलियाच्या मायदेशी तिच्या मुळांचा लौकिक औषधात उपयोग आहे हे खरे, पण तो वेगळ्या तक्रारींसाठी, आणि आपल्या परंपरेत तिची मात्रा कुणी ठरवलेली नाही. लहान मुलीला तर मुळीच देऊ नये. गाठी शतावरी म्हणून वाळवून ठेवण्याचा विचार कुणाच्या मनात असेल तर तोही सोडून द्यावा. एकदा वाळल्या आणि डब्यात गेल्या की त्या कशाच्या होत्या हे नंतर सांगायला पान-फूल उरत नाही.

वहिनींना मात्र हे जरा सांभाळून सांगा. त्यांनी आपुलकीनेच सुचवले असणार.

रामबागकर, इंदूर

वैद्यबुवा, मनापासून आभार. आता या झाडांचे करायचे काय, हा प्रश्न उरतो. सौ.चे म्हणणे आहे की सावलीत दुसरे काही येत नाही, सकाळी निळे फूल दिसते ते दिसू द्यावे. मला मात्र चाळीसची चारशे होतील याची धास्ती वाटते.

हौशी माळी, इंदूर

काका, सगळे उपटू नका असे मी सुचवीन. या कुळातल्या झाडांवर भिरभिरी फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. आमच्याकडे पानांवर काळपट काटेरी अळ्या दिसल्या की मी त्या फांद्यांना हात लावत नाही. पण आटोक्यात ठेवणे सोपे आहे. बोंड हिरवे असतानाच खुडायचे, तपकिरी होऊ द्यायचे नाही. जास्तीची रोपे आपल्या काळ्या मातीत आत्ता, जमिनीत ओल आहे तोवर काढायची; एकदा माती वाळून भेगाळली की वरचा दांडा हातात येतो आणि गाठी आतच राहतात, आणि प्रत्येक गाठीला पुन्हा कोंब येतो. खुरप्याने नव्हे, लहान पहारीने मुळाखालून उचलून काढा.

उपटलेली झाडे खताच्या ढिगात टाकायची असतील तर बोंडे आधी वेगळी करा. आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासून इथेच, आपल्या इंदुरात, शेणकचऱ्याच्या खताची जी पद्धत बसवली आणि जी पुढे जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली गेली, तिच्यात ढीग चांगला तापतो आणि तो पुन्हा पुन्हा उलटला जातो. तसा ढीग तापला तर तणाचे बी मरते. पण आपण परसाच्या कोपऱ्यात पालापाचोळा टाकतो त्याला तेवढी धग येत नाही. त्या खताबरोबर रुएलिया पुढच्या वर्षी तुळशीवृंदावनात यायची.

निंबोणी, वडोदरा

खुडण्याच्या बाबतीत सहमत आहे. फक्त एवढे करा की नातीने उरलेली बोंडे रालामंडळला नेऊन उडवू नयेत. घरच्या ओट्यावर कितीही फोडू देत. अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने एक पान तोडायला जशी बंदी आहे, तसेच बाहेरचे बी आत टाकणेही बरे नव्हे. निळ्या कोरांटीने तिथे वाटेच्या कडेची सावली धरून ठेवली आहे; रुएलियालाही नेमकी तीच सावली आवडते.

जमले तर पुन्हा जाल तेव्हा कोरांटीचे फूल जवळून, न तोडता, बघून घ्या. तिच्यात दोनच लांब पुंकेसर फुलाच्या नळीबाहेर डोकावताना दिसतील. तुमच्या परसातल्या फुलात चार आहेत, दोन आखूड आणि दोन त्याहून लांब, आणि चारही नळीच्या आतच राहतात.

रामबागकर, इंदूर

काल सकाळी परसातली फुले उभी चिरून पाहिली. चार पुंकेसर, दोन आखूड, दोन लांब, जसे लिहिलेत तसेच.

तेहेतीस रोपे काढली आणि पारिजातकाखालची आठ ठेवली. पहार लागली खरी. एका रोपाच्या गाठी वीतभर खोल गेल्या होत्या. वहिनींना घरी बोलावले, ओट्यावर वाटी मांडली आणि नातीला बोंडे टाकायला सांगितली. दुसरे बोंड फुटले तशा त्या दचकून मागे सरल्या आणि मग इतक्या हसल्या की शंखपुष्पीचा विषय मला वेगळा काढावाच लागला नाही. जाताना त्यांनी स्वतःच विचारले की मग खरी कशी असते. मी वैद्यबुवांचे उत्तर त्यांना वाचून दाखवले.

गच्चीवर मोजपट्टी लावून आम्ही अंतरही मोजले. कुंडीच्या काठावर ठेवून चमच्याने पाणी घातलेल्या अकरा बोंडांपैकी सर्वांत दूर गेलेले बी दोन मीटर सत्तर सेंटिमीटरवर सापडले. सात मीटर काही गेले नाही. नातीचे म्हणणे असे आहे की भिंत मध्ये आली म्हणून.